डेलिया मान टाकतो तेव्हा: कोकणातल्या बागेसाठी तपासणीचा क्रम

आधी लक्षणं बघा. लांबून सगळी आजारी झाडं सारखीच दिसतात, पण जवळ गेल्यावर फरक कळतो.

- दुपारी पानं लोंबतात, दिवेलागणीला पुन्हा उभी राहतात.
- सकाळी सहालाही पानं लोंबलेलीच, आणि माती ओली.
- झाड हिरवंगार असताना एक-दोन दिवसांत अख्खं कोलमडतं. पान पिवळं पडायलाही वेळ मिळत नाही.
- कळी वाटाण्याएवढी होते आणि तपकिरी पडून वाळते.
- झाड छातीएवढं वाढतं, पानं तळहाताएवढी होतात, फूल मात्र येत नाही.
- पानांवर पांढरी भुकटी दिसते, किंवा पान धुळकट फिकं पडून खाली बारीक जाळं धरतं.
- जपून ठेवलेले कंद दसऱ्याला काढावेत तर लगदा झालेला. किंवा कंद टणक आहेत, पण महिना झाला तरी कोंब नाही.

दापोलीच्या खाली समुद्राकडच्या वाडीत मी राहते. माझ्या अंगणातल्या डेलियांबरोबर वाडीतल्या पाच बंद घरांच्या बागाही मीच बघते. घरमालक मुंबईला, किल्ल्या माझ्याकडे. ते येतात गणपतीला, दिवाळीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. मधल्या काळात झाडं बरीचशी स्वतःच्या जिवावर असतात. त्यामुळे दुर्लक्षाने काय बिघडतं आणि अति लक्ष दिल्याने काय बिघडतं, हे दोन्ही मला दरवर्षी दिसतं. खालचा क्रम त्यातूनच बसलाय. पहिल्या चार-पाच गोष्टींना एक पैसा लागत नाही, आणि बहुतेक झाडं तिथेच सुधारतात. म्हणून औषधाची बाटली शेवटी.

पहिलं काम: बोट मातीत घाला

दुसऱ्या पेरापर्यंत. वरची तांबडी माती वाळून भुरभुरीत दिसते आणि खाली चिखल असतो, असं आपल्याकडे नेहमी होतं. बोटाला गार आणि चिकट लागलं तर पाणी बंद, निदान चार दिवस. कोरडं आणि कोमट लागलं तर बुंध्याशी सावकाश पाणी घाला आणि संध्याकाळी पुन्हा येऊन बघा.

हे पहिलं का, ते सांगते. पान लोंबलं की आपला हात आपोआप तांब्याकडे जातो. पण मुळं पाण्यात बुडलेली असली तर त्यांना हवा मिळत नाही, आणि हवा नसली की मुळं पाणी ओढूच शकत नाहीत. म्हणजे झाड पाण्यात उभं राहून तहानलेलं असतं. त्यावर आणखी पाणी घातलं की मुळं कुजायला लागतात.

एका घरचे काका-काकी दिवाळीला आठ दिवसांसाठी आले होते. काकींनी प्रेमाने सकाळ-संध्याकाळ प्रत्येक कुंडीत बादली ओतली. ते परत गेल्यावर आठवड्याच्या आत चार डेलिया आडवे झाले. काकांनी मला फोनवर विचारलं, "अगो, दोन महिने कोणी बघत नव्हतं तेव्हा जगले, आणि आम्ही येऊन गेलो तेव्हाच का गो मेले?" त्या आवाजातलं दुःख मी विसरलेली नाही. म्हणून आता घरमालक यायच्या आदल्या दिवशी मी प्रत्येक कुंडीला चिंधी बांधते. लाल चिंधी म्हणजे आज पाणी नको.

दुपारी लोंबून संध्याकाळी सावरणारं झाड आजारी नाही. नोव्हेंबरच्या उन्हात मोठी पानं मुळांच्या कुवतीपेक्षा जास्त पाणी उडवतात, एवढंच. बुंध्याभोवती वाळलेल्या पाल्याचा थर द्या, देठाला चिकटू न देता, आणि तीन दिवस नुसतं बघा.

पाणी जातंय कुठे

कुंडी उचला. तळाचं भोक उघडं आहे का? कुंडी मातीवर ठेवलेली असली तर पावसाळ्यात भोक शेवाळ आणि गाळाने बुजतं. आतल्या बाजूने भोकावर कौलाचा तुकडा पालथा ठेवा, फुगीर बाजू वर. कुंडीखाली चिऱ्याचे तीन तुकडे द्या म्हणजे खालून वारा खेळेल. आपल्याकडे तळाला नारळाचं सोडण घालायची सवय आहे. अबोलीला ते चालतं, पण डेलियाला पावसाच्या दिवसांत नको, कारण ते पाणी धरून ठेवतं आणि कंद थेट त्यावर बसतो.

जमिनीत लावलं असेल तर वर बघा. वळचणीच्या पागोळ्या नेमक्या आळ्यात पडत नाहीत ना? पाऊस गेला असं वाटतं आणि ऑक्टोबरात संध्याकाळच्या दोन सरी येतात, आणि छपराचं सगळं पाणी त्या एका आळ्यात उतरतं. झाड तिथून हातभर पुढे घेतलं की प्रश्न मिटतो. आळंही खोलगट नको. नारळाला करतो तसं आळं डेलियाला करायचंच नाही. उलट वीतभर उंच वरंबा करून त्यावर लावा. खाली कातळ असेल तर याला पर्याय नाही, कारण जांभ्याच्या खळग्यात पाणी वाटीसारखं साठून राहतं.

डेलिया मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला. पाऊस तिथेही पडतो, पण उतारावरून निघून जातो, आणि रात्री गार होतात. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस चार महिन्यांत पडतो आणि सपाट अंगणात मुरत बसतो. त्याला तो उतार आपण करून द्यायचा.

दिनदर्शिका आणि ऊन

"पानं भरपूर, फूल नाही" या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा इथे मिळतं.

आपल्याकडे डेलियाचा हंगाम हस्ताचा पाऊस ओसरल्यापासून होळीपर्यंत. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये लावलेलं झाड डिसेंबर-जानेवारीत फुलतं. नोव्हेंबरअखेर लावलं तर ते लहान असतानाच दिवस आखूड होतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो, आणि दिवस आखडला की डेलियाची ताकद खाली कंद भरण्याकडे वळते. त्याच्याआधी झाड पुरेसं वाढलेलं हवं. मिरगाला लावणं तर आपल्या किनाऱ्यावर कंद पाण्यात टाकल्यासारखंच.

ऊन रोज सहा तास हवं. एक दिवस दर दोन तासांनी जाऊन सावली कुठवर आली ते खडूने आखा. अंदाजाने सांगू नका, अंदाज चुकतो. माझा चुकला होता. आमच्या विहिरीजवळच्या वाफ्यात डेलिया कधी धड फुलला नाही. मी खत बदललं, माती बदलली. मग 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि त्या बाजूचे चार माड आणि एक रायवळ आंबा एका दुपारी पडले. ते आंब्याचं झाड सासऱ्यांच्या आजोबांनी लावलेलं. त्या वर्षी कशातच लक्ष लागत नव्हतं, वाफ्याकडे कोणी फिरकलं नाही. एका कोपऱ्यात पडून राहिलेल्या कुंडीतले कंद ऑक्टोबरात मी सहज तिथे पुरले, आणि जानेवारीत त्याच वाफ्यात ताटलीएवढी जांभळी फुलं आली. माती तीच, खत काहीच नाही. इतकी वर्षं त्यांना फक्त ऊन मिळत नव्हतं.

खतही इथेच बघून घ्या. ताजं शेण किंवा युरिया पडला की नुसती पानं होतात. मुरलेलं शेणखत लावताना एकदाच, आणि कळी धरायच्या सुमारास चुलीतली लाकडाची राख मूठभर. राखेत पालाश (पोटॅश) असतं आणि आपल्या आंबट तांबड्या मातीला ती मानवते.

खुडणी, आधार, पोकळ देठ

तीन-चार पानांच्या जोड्या झाल्या की शेंडा खुडा. जीव तुटतो, पण खुडा. एका सोटाऐवजी चार-पाच फांद्या फुटतात आणि वाऱ्याला झाड टिकतं. मोठं फूल हवं असेल तर तीन कळ्यांपैकी मधली ठेवून बाजूच्या दोन काढा.

फूल सुकलं की लगेच तोडा, नाहीतर झाड बी धरायला लागतं आणि नवीन कळ्या थांबतात. इथे नवीन माणूस फसतो, कारण सुकून मिटलेलं फूल आणि नवीन कळी सारखीच दिसतात. दोन बोटांत धरून बघा. कळी गोल आणि टणक, बटणासारखी. सुकलेलं फूल टोकदार आणि मऊ, दाबलं तर ओलसर.

डेलियाचा देठ पोकळ असतो. जाड फांदी आडवी कापून तशीच सोडली आणि रात्री अवकाळी सर आली की त्या नळीत पाणी भरतं आणि कुजत थेट कंदाच्या मानेपर्यंत उतरतं. "कालपर्यंत चांगलं होतं" अशा झाडांमध्ये मला असा कुजका देठ कितीदा तरी सापडलाय. म्हणून पेराच्या लगेच वर, तिरका काप द्या. देठ अंगठ्याएवढा जाड असेल तर तोंडावर मेणबत्तीचे दोन थेंब पाडा.

आधाराला चिव्याची काठी, बांधायला केळीचं सोपट. काठी कंद लावतानाच रोवा, नंतर रोवली तर ती कंदातून आरपार जाते आणि तिथून कूज सुरू होते.

पान उलटं करा

पांढरा कागद पानाखाली धरून पानावर टिचकी मारा. पडलेले ठिपके चालायला लागले तर लाल कोळी. फेब्रुवारीच्या कोरड्या वाऱ्यात तो हमखास येतो. तीन-चार दिवस सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा, निम्मं काम तिथेच होतं. उरलं तर निंबोळी तेल, लिटरला 5 मिली, चिमूटभर साबणाचा चुरा घालून, ऊन उतरल्यावर.

कळ्या तपकिरी पडत असतील तर एक कळी नखाने उकला. आत बारीक पिवळसर, लांबट फुलकिडे पळताना दिसले तर तेच निंबोळी तेल आठवड्याच्या अंतराने दोनदा. आत काहीच नसेल तर पाण्याचा नेम बघा, एक दिवस बादली आणि चार दिवस कोरडं असं होत असेल. समुद्राकडून थेट वारा येत असेल तर पानांच्या कडा आणि कळ्या खारानेही करपतात. संध्याकाळी गोड्या पाण्याने पानं धुवा. विहिरीचं पाणी उन्हाळ्याकडे जिभेला मचूळ लागायला लागलं की ते डेलियाला घालू नका.

पानांवरची पांढरी भुकटी म्हणजे भुरी. तिला आंब्याच्या मोहरावर मारतात तेच पाण्यात मिसळणारं गंधक चालतं, लिटरला 2 ग्रॅम. भर उन्हात मारू नका, आणि निंबोळी तेल मारल्यापासून दोन आठवडे जाऊ द्या. दोन्ही एकावर एक पडली की पानं भाजतात. बुंध्याकडची गर्दी केलेली पानं आधी काढा, त्यानेच वारा लागून भुरी बरीच आटोक्यात येते.

कंद उकरून बघणं

इथवर काही सापडलं नाही तरच हे करा, कारण उकरलं की मुळं दुखावतात. खुरप्याने बाजूने माती काढत जा. चांगला कंद रताळ्यासारखा घट्ट असतो. मऊ लागला, आंबूस वास आला तर तेवढाच भाग स्वच्छ सुरीने पांढरा गर दिसेपर्यंत कापा, कापावर राख चोळा, दिवसभर सावलीत सुकवा आणि कोरड्या वाळू-मातीत लावा. कोंब दिसेपर्यंत पाणी घालू नका. दोन-तीन इंच खोल पुरे.

टणक असूनही न फुटणाऱ्या कंदाचा घोळ वेगळा. बटाट्याला डोळे अंगभर असतात, डेलियाला फक्त मानेशी, जुन्या देठाच्या बुडाला. मान मोडलेला कंद वर्षभर टणक राहील, पण फुटणार नाही. बाजारातून सुटे कंद आणताना तेवढंच बघून घ्या. मी एकदा दहा आणले, त्यातल्या सहांना मानच नव्हती.

पावसाळ्यात कंद टिकवायचा आपल्याकडचा सोपा मार्ग म्हणजे एप्रिलमध्ये झाड सुकलं की कुंडी तशीच पडवीत आडवी करून ठेवणं. माळ्यावर राखेत ठेवलेले कंद दमट हवेने बुरसतात, हे मी तीन पावसाळे बघितलं. आडव्या कुंडीत पाणी शिरत नाही आणि कंदांना हातही लागत नाही. श्रावणात त्यातले काही आपोआप फुटतात. ते कोंब तीन इंचांचे झाले की पेराखाली कापून वाळूत टोचा, दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. मूळ कंद पुढे दगावला तरी जात हातातून जात नाही.

बंद घरात डिसेंबरपर्यंत कोणी बघितलं नाही आणि झाड लांबलचक, किडकं झालंय असं असेल तर खाली दोन पेरं आणि थोडी पानं ठेवून सगळं छाटा. सहा ते आठ आठवड्यांत पुन्हा फूल दिसतं. जानेवारीच्या मध्यानंतर मात्र छाटू नका. नवीन फुटव्याला कळी येईतो उन्हाळा गाठतो. तेव्हा कंद भरू द्या आणि पुढच्या वर्षीची वाट बघा. अशा घरांसाठी मी बाजूने झिनिया, गुलबक्षी आणि कोरांटी लावते. ती चार आठवडे कोणी आलं नाही तरी रुसत नाहीत.

इथे थांबा

हिरवं झाड दोन दिवसांत कोलमडलं असेल तर बुंध्याशी वाका. मातीलगत देठावर पांढरे कापसासारखे धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती बुरशी. ते दाणे मातीत वर्षानुवर्षं जगतात. झाड भोवतालच्या वीतभर मातीसकट उचलून जाळा. शेणकीत टाकू नका, नाहीतर खताबरोबर ते सगळ्या बागेत जातील.

धागे नसतील तर एक काचेचा पेला घ्या. देठाचा बुडाकडचा दोन-तीन इंचांचा तुकडा कापून, कापलेलं टोक स्वच्छ पाण्यात टेकेल असा धरा आणि हलवू नका. मी हे पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या ओट्यावर, खिडकीच्या उजेडात केलं. दोन-तीन मिनिटं काहीच नाही. मग कापाच्या कडेतून दुधाच्या धारेसारखा एक बारीक पांढरा धागा सरळ खाली उतरला, त्याच्या शेजारी दुसरा, आणि हळूहळू पेल्याचा तळ गढूळ झाला. हा जिवाणूजन्य मर रोग. वांगी, टोमॅटो, मिरची मारतो तोच. उबदार, ओली, आंबट माती त्याला आवडते, म्हणजे आपली.

याला घरी करण्यासारखा इलाज नाही. सुपारीच्या कोळेरोगासाठी आणलेलं बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) उरलंय म्हणून ते आळ्यात ओतू नका, देठाच्या आत शिरलेल्या जिवाणूपर्यंत ते पोचत नाही. झाड कंदासकट जाळा, कात्री आणि खुरपं उकळत्या पाण्यातून काढा, त्या आळ्याचं पाणी दुसऱ्या वाफ्याकडे वाहू देऊ नका. त्या जागी पुढची काही वर्षं डेलिया, वांगी, टोमॅटो, मिरची काही नको.

तसंच पानाच्या शिरांच्या कडेने फिकट पिवळे पट्टे, झाड खुजं आणि पानं वेडीवाकडी झाली असतील तर तो विषाणू. मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो, आणि कंदातूनही तो पुढच्या वर्षी येतो. जात कितीही आवडती असली तरी ठेवू नका. मी एक पिवळा डेलिया दोन वर्षं मायेपोटी ठेवला आणि शेजारचे पाच गमावले.

पेल्यात पांढरा धागा दिसला आणि शेजारच्या भाजीच्या वाफ्यातही झाडं मान टाकायला लागली, एका हंगामात तीनपेक्षा जास्त झाडं कारण न कळता गेली, मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या, किंवा दुकानदाराने लाल-पिवळ्या त्रिकोणाची विषारी औषधं हातात दिली, तर स्वतः पुढचं काही करू नका. गावच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) बोलवा, किंवा जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ याच हवेत आणि याच मातीत 1972 पासून काम करतंय. तिथल्या माणसाला तुमची माती समजावून सांगावी लागत नाही.

जाताना नुसतं पान नेऊ नका. नुकतंच मान टाकलेलं, अजून जिवंत असलेलं एक झाड मुळांसकट आणि भोवतालच्या मातीसकट सकाळी उपटा, वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, दमट होऊन पोचेपर्यंत कुजतं आणि मूळ रोग ओळखता येत नाही. सोबत त्या वाफ्यातली वीतभर खोलीवरची अर्धा किलो माती वेगळी घ्या. मागच्या पंधरा दिवसांत काय काय मारलं आणि पाणी कधी कधी घातलं, ते एका चिठ्ठीवर लिहून न्या.